ॲडव्हर्बकाका

लिफ्टशेजारी लागलेली नोटीस आपण वाचतो ती पाणी किती वाजता जाणार हे कळावं म्हणून. ॲडव्हर्बकाका ती वाचतात ते ‘नॉट’च्या आजूबाजूला कोण बसलंय हे बघायला. पाणी जाणार असेल तर जावो, ते खालून बादली भरून आणतील. पण ‘वॉटर विल नॉट प्रॉबेब्ली बी सप्लाइड’ असं कोणी लिहून ठेवलं असेल, तर त्या दिवशी पाणी असूनही काकांची आंघोळ लांबते.

हा माणूस तुमच्याही सोसायटीत असणार. ओळखायची खूण अशी, की नोटीस बोर्डाच्या काचेवर बाहेरून लाल स्केचपेनच्या रेघा दिसतात. बोर्डाला कुलूप असतं आणि किल्ली सेक्रेटरीकडे, म्हणून काकांना दुरुस्ती काचेवरच करावी लागते. शब्द उचलून पुढे न्यायचा बाण, मध्ये घुसवायची काकपदं, समासात ‘पोझिशन!’ असा शेरा. नोटीस बदलते, काच तीच राहते. मग पाण्याच्या टाकीसाठी काढलेला बाण पुढे महिनाभर सत्यनारायणाच्या निमंत्रणावर चालतो आणि महाप्रसादाला साडेसातच्या आधी नेऊन ठेवतो.

काकांनी उभी हयात फोर्टातल्या एका सॉलिसिटर फर्ममध्ये काढली. वकील म्हणून नव्हे, मसुदे करणारे हेडक्लार्क म्हणून. राज्य सरकारचं कामकाज मराठीत आलं, पण हायकोर्टाची भाषा घटनेच्या 348व्या कलमाने इंग्रजीच राहिली. त्यामुळे सकाळी डोंबिवली फास्टमध्ये मराठीत ढकलाढकली करायची आणि दिवसभर ‘माय क्लायंट कॅनॉट रीझनेबली बी एक्स्पेक्टेड’ असं लिहायचं, हा त्यांचा दिनक्रम. नुसतं ‘कॅनॉट बी एक्स्पेक्टेड’ लिहिलं तर अशील आडमुठा वाटतो. मध्ये ‘रीझनेबली’ बसवलं, की आडमुठा समोरचा ठरतो. या एका शब्दावर आपल्या दोन्ही मुलांची शिक्षणं झाली असं काका सांगतात, आणि त्यात अतिशयोक्ती फार नसावी.

इंग्रजीचा पाया तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेचा, त्यावरचा इमला रेन अँड मार्टिनच्या व्याकरणाचा. रेनसाहेब हे काकांचं दैवत. हा रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीला होता याचा त्यांना असा अभिमान, की जणू दोघं एकाच डब्यातून जात असत. याच रेनने 1924 साली ‘बो जेस्ट’ नावाची, सहारातल्या फ्रेंच फॉरेन लीजनची साहसकथा लिहिली आणि जगात तो ओळखला जातो तो तिच्यासाठी, हे मी एकदा सांगून बसलो. काका दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी जिन्यात थांबवून म्हणाले, “काय आहे त्या पुस्तकात?”

म्हटलं, “वाळवंटातला एक किल्ला असतो. तटावर सगळे मेलेले शिपाई उभे करून ठेवलेले असतात. कोणी उभे केले ते कळत नाही.”

काकांचा चेहरा उजळला. “म्हणजे पॅसिव्ह,” ते म्हणाले. “कर्ता अध्याहृत. मला वाटलंच होतं, रेन उगाच काही लिहिणार नाही.”

त्यांचा सिद्धान्त मी इतक्या वेळा ऐकलाय, की आता झोपेतही म्हणेन. ‘शुड’, ‘नॉट’ आणि ‘बी’ ही लोकलमधली तिघांची सीट. ॲडव्हर्ब हा चौथा. तो आला की कोणीतरी सरकायचं, हे ठरलेलं. पण कुठे टेकायचं हे त्याच्या मनावर नाही, जातीवर आहे. ‘प्रॉपर्ली’, ‘केअरफुली’ असे काम कसं झालं ते सांगणारे ॲडव्हर्ब आत खिडकीकडे जातात, ‘बी’च्याही पलीकडे, थेट क्रियापदाच्या मांडीला मांडी लावून: ‘शुड नॉट बी प्रॉपर्ली क्लोज्ड’ किंवा काय असेल ते. ‘ऑलवेज’, ‘नेसेसरिली’ हे ‘नॉट’ आणि ‘बी’च्या मध्ये. आणि ‘प्रॉबेब्ली’, ‘सर्टनली’ हे मानी लोक. ते ‘नॉट’च्या उजवीकडे बसणार म्हणजे नाहीच. ‘विल प्रॉबेब्ली नॉट बी सप्लाइड’ म्हणा. ‘नॉट’ आखडून ‘विल’च्या अंगाला चिकटला आणि ‘वोन्ट’ झाला, तर मधली जागाच गेली. मग ‘प्रॉबेब्ली’ने त्याच्याही आधी, दारात उभं राहायचं: ‘प्रॉबेब्ली वोन्ट बी’. कारण एकच. ‘नॉट’च्या उजवीकडे जो बसला तो ‘नॉट’च्या तावडीत सापडला, डावीकडे बसला तो सुटला. इथे काका डाव्या हाताने हवेत सुटका दाखवतात आणि उजव्या हाताने अटक.

हे नुसतं ज्ञान म्हणून राहिलं असतं तर कोणाचं काही बिघडत नव्हतं. पण गच्चीच्या दाराचं प्रकरण झालं.

गच्चीचं दार उघडं राहतं, कबुतरं आत येतात, जिन्यात घाण होते. सेक्रेटरीने नोटीस लावली: ‘द टेरेस डोअर शुड नॉट ऑलवेज बी केप्ट ओपन.’ आमच्या इमारतीत गुजराती, तमिळ, सिंधी कुटुंबं आहेत म्हणून नोटीस इंग्रजीत, आणि ती कोणाचीच मातृभाषा नाही म्हणून सगळ्यांना समान न्याय. तिसऱ्या मजल्यावरचा कॉलेजातला मुलगा संध्याकाळी गच्चीवर दंडबैठका काढायला जातो. तो दार उघडंच ठेवी. कमिटीने त्याला बोलावून झापायला सुरुवात केली, तोच काका आगंतुक उभे राहिले.

“त्याला बोलायचा तुम्हाला अधिकार नाही. त्याच्याकडे तुमचीच लेखी परवानगी आहे.”

“कसली परवानगी?”

“‘शुड नॉट ऑलवेज’. दार नेहमी उघडं ठेवू नका, असं म्हणताय तुम्ही. म्हणजे अधूनमधून ठेवा. तो अधूनमधूनच ठेवतो.”

मुलगा म्हणाला, “हो ना काका. मी ऑलवेज कुठे, संध्याकाळी तेवढं.”

सेक्रेटरी मुळात सज्जन, बँकेतून निवृत्त झालेला. त्याने तिथल्या तिथे खोडून ‘शुड ऑलवेज नॉट बी केप्ट ओपन’ केलं. काकांनी मान तिरपी करून ते वाचलं. “अर्थ आला. पण असं बोलत कोणी नाही. हे गणिताचं इंग्रजी झालं.” मग त्यांनी स्वतःच सुचवलं, ‘मस्ट नॉट ॲट एनी टाइम बी केप्ट ओपन’. त्यावर तमिळ मामींनी विचारलं, फायर ब्रिगेड आली तरी? काकांनी ‘नॉर्मली’ घालायचं ठरवलं. ‘नॉर्मली’ ‘नॉट’च्या आधी की नंतर, यावर सव्वा तास गेला. आधी घातलं तर दार बंद ठेवणं हा नेम होतो. नंतर घातलं तर दार नेहमीच्या पद्धतीने उघडू नये, वेगळ्या पद्धतीने उघडावं, असाही वास येतो. शेवटी खजिनदार गुजराती भाई जांभई देत म्हणाले, “अरे काका, ‘कीप डोअर शट’ लिखो ना. खतम करो.”

काका बसल्या जागी ताठ झाले. रागावले नाहीत, दुखावले. “ही ऑर्डर झाली,” ते म्हणाले. “आपण कोण ऑर्डर देणारे? नोटीस पॅसिव्हमध्ये असते.”

मला वाटतं, काकांचं सगळं रहस्य या वाक्यात आहे. आज्ञा द्यायची तर देणारा लागतो. समोर उभं राहून ‘दार लाव’ म्हणणारा माणूस आणि ऐकणारा माणूस, दोघांची तोंडं एकमेकांना दिसतात, उद्या जिन्यात भेटायचं असतं. ‘इट शुड नॉट बी केप्ट ओपन’ असं म्हटलं की सांगणाराही गेला, ऐकणाराही गेला. उरलं नुसतं दार. जन्मभर दुसऱ्याच्या सहीसाठी मसुदे लिहिलेल्या माणसाला ही जागा फार सोयीची. मनाई तर करायची आहे, पण मनाई करणारा व्हायचं नाही. आता कर्ताच नाही म्हटल्यावर वाक्यात जोर आणायचा कुठून? म्हणून ॲडव्हर्ब. काकांचा सगळा जीव त्या एका शब्दात येतो आणि मग तो इंचभर इकडेतिकडे झालेला त्यांना सोसत नाही.

घरातही तेच. काकूंना ते कधी ‘तू चहात साखर घातली नाहीस’ म्हणत नाहीत. कप ठेवून खिडकीबाहेर बघत म्हणतात, “साखर पुरेशी घातली गेलेली दिसत नाही.”

काकूंनी मराठी शाळेत मुलांना शुद्धलेखन शिकवलंय. त्या आतून म्हणतात, “मुळीच घातली गेलेली नाही. डॉक्टरांकडून तसं सांगितलं गेलेलं आहे.”

काका समाधानाने चहा पितात. साखर नसली तरी प्रयोग बरोबर असतो.

वार्षिक सभेच्या इतिवृत्ताने मात्र चेअरमनशी कायमचं वाकडं आलं. सभेत माइक खरखरत होता. काकांकडे मिनिट्स लिहायचं काम होतं. त्यांनी आधी लिहिलं, ‘द चेअरमन कुड नॉट बी हर्ड क्लिअरली’. म्हणजे आवाज आला, शब्द कळले नाहीत. हे सत्य होतं. पण वाक्याच्या शेवटी लोंबणारा ॲडव्हर्ब काकांना गबाळा वाटतो. त्यांनी तो उचलून आत घेतला, ‘कुड नॉट बी क्लिअरली हर्ड’. इथे थांबते तर बरं होतं. रात्री अकरा वाजता त्यांना वाटलं, वाक्याला जरा भारदस्तपणा हवा. सकाळी व्हॉट्सॲप ग्रुपवर आलं: ‘द चेअरमन क्लिअरली कुड नॉट बी हर्ड.’ म्हणजे, चेअरमनचं कोणालाच ऐकू येत नव्हतं, हे उघडच होतं. चेअरमनचा मुलगा अमेरिकेत आहे. त्याने तिथून वडिलांना अर्थ समजावून सांगितला. काकांना जाब विचारला गेला, तेव्हा ते म्हणाले, “तिन्ही वाक्यं खरी आहेत. मी फक्त सर्वांत खरं निवडलं.”

वॉचमन जौनपूरचा. बिचारा सर्वांत जास्त तोच भरडला जातो. गेटवर पाटी आहे, ‘व्हिजिटर्स कार्स मे नॉट बी पार्क्ड इनसाइड’. काका त्याला खुर्चीवर बसवून, स्वतः उभं राहून हिंदीत सांगतात, की ‘मे नॉट’ दोन तरह का होता है. एकात ‘नॉट’ परवानगीला मारतो, म्हणजे गाडी लावायची मुभा नाही. दुसऱ्यात ‘नॉट’ गाडी लावण्याला मारतो आणि परवानगी बाजूलाच राहते, म्हणजे कदाचित गाड्या लावल्या जाणार नाहीत, वेधशाळेसारखं. ‘मस्ट नॉट’मध्ये ‘नॉट’ नेहमी कामावर बसतो, ‘कॅनॉट’मध्ये थेट ‘कॅन’च्याच छातीवर. पाटीत ‘अंडर एनी सर्कमस्टन्सेस’ घातलं की वेधशाळा गेली, बंदी उरली. वॉचमन सगळं ऐकून घेतो आणि हात जोडून विचारतो, “तो काका, बाहर इनोवा खड़ी है, अंदर लें कि नहीं?”

काकांचा थोरला मुलगा लंडनहून आला तेव्हा त्याने वडिलांसाठी क्वर्क, ग्रीनबॉम, लीच आणि स्वार्टविक या चौघांचं 1985 सालचं इंग्रजी व्याकरण आणलं. सतराशेच्या वर पानं. विमानात त्यापायी त्याला दोन स्वेटर मागे ठेवावे लागले म्हणे. काका त्यात गढले आणि चौथ्या दिवशी संध्याकाळी घामाघूम होऊन माझ्या दारात उभे. मला वाटलं छातीत दुखतंय.

“मधल्या जागा चार आहेत,” ते म्हणाले.

“कुठल्या?”

“मिडल पोझिशन! मी आजवर सगळ्या मिळून एकच धरून चाललो होतो. ‘द लेटर मस्ट हॅव बीन पोस्टेड’ घे. ‘मस्ट’च्या आधी एक, ‘मस्ट’नंतर दुसरी, ‘हॅव’नंतर तिसरी, ‘बीन’नंतर चौथी. चौघांनाही नावं आहेत!” त्यांचे डोळे ओलावले होते. आयुष्यभर एका खोलीत राहिल्यावर घराला आणखी तीन खोल्या आहेत हे उतारवयात कळावं, तशी त्यांची अवस्था. त्या आठवड्यात सोसायटीच्या प्रत्येक नोटीशीत ‘हॅव बीन’ आलं, नुसत्या खोल्या वापरून बघायला.

फाउलरचं इंग्रजी वापरावरचं पुस्तक त्यांच्याकडे आधीपासून आहे. सहायक क्रियापद आणि मुख्य क्रियापद यांच्या मध्ये ॲडव्हर्ब घालायला लोक उगाच भितात, त्याची खरी जागा तीच, असं फाउलरने 1926 सालीच सांगून ठेवलंय. पण भिणारे अजून आहेत आणि त्यांच्यात थेट अमेरिकेचे सरन्यायाधीश निघाले, हा काकांच्या आयुष्यातला सर्वोच्च क्षण. 20 जानेवारी 2009, ओबामांचा शपथविधी. आपल्याकडे रात्रीचे साडेदहा. शपथेत ‘विल’नंतर लगेच ‘फेथफुली’ असा क्रम, राज्यघटनेतच छापलेला. जॉन रॉबर्ट्स यांनी सांगताना तो ‘फेथफुली’ वाक्याच्या पार शेवटी नेऊन टाकला. ओबामा अडखळले. काका डोंबिवलीत सोफ्यावरून उठले. काकूंना हलवून जागं केलं.

“अगं ऊठ, ॲडव्हर्ब हलला!”

काकूंना वाटलं भूकंप. त्यांनी आधी गॅस बघितला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी व्हाइट हाउसमधल्या मॅप रूममध्ये खबरदारी म्हणून शपथ पुन्हा देण्यात आली. पुढे स्टीव्हन पिंकर या भाषाशास्त्रज्ञाने लिहिलं, की क्रियापदाच्या मध्ये ॲडव्हर्ब नको या जुन्या धाकापायी रॉबर्ट्स यांच्याकडून तो घसरला असावा. ते कात्रण काकांनी लॅमिनेट करून घेतलंय. ओबामा काळे की गोरे, डेमोक्रॅट की आणखी कोण, याच्याशी काकांना काही देणंघेणं नाही. त्यांच्या लेखी त्या दिवशी अमेरिकेत फक्त ‘फेथफुली’ सत्तेवर आला.

हरले ते एकाच ठिकाणी, कॉम्प्युटरपुढे. धाकट्या मुलाने त्यांना वर्ड शिकवलं. काकांनी पहिलंच पत्र टाइप केलं, पार्किंगबद्दल, आणि वाक्या-वाक्याखाली रेघा उमटायला लागल्या. पॅसिव्ह टाळा, असं यंत्र सांगत होतं. काकांनी ‘इग्नोर’ केलं. पुढच्या वाक्याखाली पुन्हा रेघ. त्यांनी तो सबंध दिवस यंत्राशी हुज्जत घातली. मी त्यांना गंमत म्हणून सांगितलं, की हे खूळ ऑर्वेलपासूनचं. त्याने 1946च्या निबंधात नियमच घातला, कर्तरी चालत असेल तिथे कर्मणी नको.

“कुठला हा ऑर्वेल?”

“जन्माने बिहारमधल्या मोतिहारीचा.”

“तरीच,” काका म्हणाले. त्याच्या त्या निबंधातच पॅसिव्ह ठासून भरलंय हे मी पुढे सांगितलं, तेव्हा कुठे त्यांनी ऑर्वेलला माफ केलं. यंत्राला नाही. आता पत्रं पुन्हा हातानेच लिहिली जातात.

गेल्या महिन्यात त्यांनी मृत्युपत्र करायला घेतलं. साक्षीला दोन माणसं लागतात, त्यातला एक मी. गेलो तर टेबलावर कागद पसरलेले, काका चष्मा कपाळावर चढवून बसलेले, काकू समोर शेंगा सोलताहेत. मसुदा देखणा होता, यात वाद नाही. ‘द फ्लॅट शाल नॉट अंडर एनी सर्कमस्टन्सेस बी सोल्ड ड्युरिंग द लाइफटाइम ऑफ माय वाइफ.’ ‘माय बुक्स शाल नॉट इंडिव्हिज्युअली बी गिव्हन अवे’, म्हणजे द्यायची तर सगळी एकदम द्या. ‘माय बॉडी शाल नॉट अननेसेसरिली बी केप्ट वेटिंग.’ हे शेवटचं त्यांनी मला दोनदा वाचून दाखवलं. लंडनच्या विमानाची वाट बघत ठेवू नका, असा मथितार्थ. पण ‘अननेसेसरिली’ आत असल्यामुळे गरजेपुरती वाट बघायला हरकत नाही. मुलगा दुखावला जायला नको.

काकूंनी सगळं ऐकलं. शेंगांची परात बाजूला ठेवली. “फ्लॅट विकला जाणार नाही, पुस्तकं वाटली जाणार नाहीत, तुम्हाला ताटकळत ठेवलं जाणार नाही. हे सगळं करणार कोण?”

“म्हणजे काय? इट शाल बी डन.”

“बाय हूम?” काकू म्हणाल्या.

लग्नानंतर इतक्या वर्षांत त्या नवऱ्याशी इंग्रजीत बोलल्याचं मी तरी पहिल्यांदाच ऐकलं. काका बघतच राहिले. मग त्यांनी मसुदा उलटापालटा केला. एक्झिक्युटरची जागा खरंच कोरी होती. दुसऱ्यांच्या शेकडो मृत्युपत्रांत ती आठवणीने भरणारा माणूस.

“तुझंच नाव घालतो,” ते म्हणाले आणि पेनाचं टोपण काढलं. लिहायला वाकले, आणि वाकलेलेच राहिले.

“आता काय झालं?”

“‘शाल बी डन बाय माय वाइफ’ इथवर ठीक आहे,” काका म्हणाले. “पण मग ‘प्रॉम्प्टली’ कुठे बसवू?”